टाके आणि पाने

गृहकृत्यांचा एक विशेष असा आहे की, ती जितक्या नेमाने करावीत तितक्याच नेमाने ती नाहीशी होतात. सकाळी पुसलेली जमीन दुपारपर्यंत मुलांच्या पावलांनी भरते, घासलेली भांडी रात्री पुन्हा मोरीत येऊन पडतात, आणि दोन तास खपून केलेला स्वयंपाक अर्ध्या तासात संपतो. तो संपावा यातच त्याचे सार्थक आहे, हे कोणती गृहिणी जाणत नाही? तथापि दिवसभर राबून रात्री दिवा मालविताना ‘आज आपण काय केले?’ असा प्रश्न मनात आला, तर बोट ठेवून दाखविण्याजोगे काही सापडत नाही. स्वच्छ घर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. अस्वच्छ मात्र तत्काळ भरते. या नियमाला अपवाद असे एकच काम माझ्या अनुभवास आले आहे, आणि ते म्हणजे विणकाम. निजण्यापूर्वी घातलेल्या आठ ओळी सकाळी सुईवर आठच असतात. त्या कोणी खात नाही, त्यांवर कोणी चिखलाचे पाय देत नाही. घरातील इतर सर्व कामे काल जेथे होती तेथेच आज असतात. विणकाम तेवढे कालच्यापेक्षा पुढे गेलेले असते.

आमचे घर पौडास आहे. पुण्याच्या पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरवर, मुळा नदीच्या काठी वसलेले हे गाव मुळशी तालुक्याचे मुख्य ठाणे होय. कोथरुडातील पौड रस्त्यामुळे त्याचे नाव पुणेकरांच्या तोंडी नित्य असते. परंतु मुळशीचे धरण किंवा ताम्हिणीचा पाऊस पाहावयास निघालेली मंडळी बहुधा आमच्या दारावरून तशीच पुढे जातात. घरात आम्ही दहा माणसे आहोत. मामंजी, सासूबाई, मामंजींच्या थोरल्या भगिनी (यांना लहानमोठे सर्वच आत्याबाई म्हणतात), दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, आणि तीन मुले: माझा थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची, आणि जाऊबाईंचा बाळ अडीच वर्षांचा. दिवाळीच्या सुमारास पहाटे नदीवरून धुके चढू लागते, आणि मार्गशीर्ष-पौषात मुले शाळेस निघतात तेव्हा ते अंगणाच्या कडेपर्यंत येऊन उभे असते. त्यामुळे गरम कपडा ही आमच्याकडे हौसेची वस्तू नसून गरजेची आहे.

लहान मुलांच्या घरात वेळ ठोक मिळत नाही, किरकोळीने मिळतो. कुकरच्या शिट्ट्या होईतो पाच मिनिटे, दूध वर येईतो चार, शाळेची गाडी येईतो सात, बाळाला मांडीवर झोप लागेतो दहा. या सुट्या पैशांत घेता येईल अशी वस्तू फार थोडी. शिवणाच्या यंत्रावर बसावे तर उठताना सारा पसारा आवरावा लागतो. भरतकामास उजेड आणि स्वस्थ मन हवे. विणकामाचा गुण असा की, ते ज्या टाक्यावर सोडावे त्याच टाक्यावर आपली वाट पाहत थांबते. पाच वर्षांच्या मुलीच्या स्वेटराचा हिशेब करून पाहा. मध्यम जाडीच्या लोकरीचे इंचाला सहा टाके आणि आठ ओळी बसतात असे धरले, तर सव्वीस इंच घेराला पुढे ७८ व मागे ७८ टाके लागतात. पंधरा इंच उंचीच्या १२० ओळी होतात. मुंढे व गळा वजा घालून आणि दोन बाह्या मिळवून एकंदर बेरीज २५,००० टाक्यांच्या आसपास जाते. सरावाचा हात मिनिटाला पंचवीस टाके घालील, तर एक हजार मिनिटे झाली. म्हणजे जवळजवळ सतरा तास. सलग सतरा तास मला गेल्या नऊ वर्षांत कधी लाभले नाहीत, आणि मुले मोठी होईपर्यंत लाभतील असा संभवही नाही. परंतु दहा-दहा मिनिटांच्या शंभर बैठका दोन महिन्यांत सहज होतात. ज्या मिनिटांची कोणी किंमत केली नसती, ती मिनिटे मुलीच्या अंगात उबेच्या रूपाने शाळेत जातात, हा आनंद मी शब्दांनी सांगू शकत नाही.

मुलांसाठी विणावयाचे म्हणजे मुलांची चाल ओळखून विणावयास हवे. तान्ह्या बाळाच्या अंगच्या कपड्याला जाळीची नक्षी घालू नये. इवली बोटे त्या भोकांत अडकतात. गळ्याशी बांधावयाच्या लांब नाड्या लावू नयेत, गुंडी लावावी, आणि तीही पक्क्या दोऱ्याने. बाह्या मनगटाकडून विणीत न जाता मुंढ्याशी टाके उचलून खाली मनगटाकडे विणीत याव्यात. याचे कारण असे की, विणकाम शेवटाकडून सहज उसवते, आरंभाकडून उसवत नाही. मनगटाशी शेवट असला म्हणजे पुढच्या वर्षी मिटविलेले टाके उघडून, तीन इंच वाढवून, बाही पुन्हा बेताची करता येते. अंगाने वाढलेल्या मुलाचा संबंध स्वेटर उसवावयाचा झाल्यास लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करावी, कोमट पाण्यात भिजवून, खाली हलकेसे वजन अडकवून वाळत टाकावी. तिच्यातील वळ्या निघून जातात आणि दुसऱ्या रंगाच्या जोडीने ती मोठ्या मापाला पुरते. सुया खाली ठेवताना टोकांना खोडरबराचे तुकडे खोचावेत. आमच्या बाळाचा विशेष डोळा सुयांवर असतो. एकदा त्याने एक सुई ओढून काढली आणि ७८ टाके एकदम मोकळे केले. अशा वेळी ओढाताण न करता एक बारीक सुई घेऊन शांतपणे एकेक फास उचलीत जावे. टाका तत्काळ पळत नाही. घाबरून ओढले तरच तो खाली धावतो.

आपल्या भाषेत मागावर कापड करणे आणि सुयांवर स्वेटर करणे या दोहोंना ‘विणणे’ हा एकच शब्द आहे. वस्तुतः दोन्हींचे घडणे अगदी निराळे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना धरून असतात. सुयांच्या कामात एकच धागा आपल्याच फासातून पुनःपुन्हा ओवला जातो, म्हणून ते ताणते, अंगाला धरते, आणि एका ओढीने सुटतेही. सुयांचे विणकाम आपल्याकडे अलीकडच्या काळात युरोपियनांच्या सहवासाने आले. लोकर मात्र आपल्याला परकी नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. सनगर मंडळी ती मागावर विणतात आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात. आमच्या मावळच्या पावसात भातलावणीच्या वेळी डोईवर इरले असे, आणि मेंढरांमागे हिंडणारा धनगर घोंगडीची खोळ पांघरून उभा असे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, हे शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले. धनगराला ते पाठीने ठाऊक होते. हल्ली दुकानांतून लोकर म्हणून जे विकले जाते त्यातील पुष्कळसे अॅक्रिलिक असते. ते धुण्यास सोपे आणि रंगास पक्के खरे, पण विस्तवाशी ते वितळून अंगाला चिकटते. ज्या गावांत मुले पहाटे शेकोटीभोवती बसतात, तेथील आयांनी एवढे ध्यानात ठेवावे.

“एवढे कष्ट कशाला? तयार स्वेटर याहून स्वस्त मिळतो,” असे मला पुष्कळजण सांगतात. ते खरेच सांगतात. नुसत्या लोकरीच्या किमतीत कधी कधी लुधियानाचा तयार स्वेटर येतो. यंत्राशी हाताची ही स्पर्धा आजची नाही. विल्यम ली नावाच्या इंग्रज गृहस्थाने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र बनविले, तेव्हापासून हात मागेच पडत आला आहे. म्हणून विणकामाच्या बाजूने काटकसरीचा दाखला मी कधी देत नाही. मला ते आवडते, एवढे कारण मला पुरेसे वाटे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे या आवडीच्या आड दडलेली एक दुसरी गोष्ट मला स्पष्ट दिसू लागली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

माझी धाकटी जाऊ डी. एड. झालेली आहे. शिक्षिका होण्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षा उतरावी लागते. या परीक्षेत १५० पैकी खुल्या वर्गास ९० गुण लागतात. बाळ वर्षाचा झाला तेव्हा तिने अभ्यास आरंभिला. तिला विणकामाची मुळीच आवड नाही. लोकर हातात घेतली की तिचे तळवे खाजतात. दुपारी जेवणे उरकली की आम्ही दोघी सोप्यावर बसत असू, मी सुया घेऊन आणि ती पुस्तक घेऊन. माझ्या बैठकीचा क्रम अखंड चाले. तिच्या बैठकीत मात्र, “जरा एवढी भाजी निवडतेस का?”, “बाहेरचे कपडे आत घेतेस का? आभाळ आले आहे,” “तू बसलीच आहेस, तर चहा ठेव पाहू,” अशा हाका येत. कोणी रागाने हाक मारीत नसे. आमच्या घरात कोणी रागाने बोलतच नाही, आणि म्हणूनच ‘नाही’ म्हणावयास जागा नसते. एका दुपारी मी सहज मोजले. दोन तासांत ती सहा वेळा उठली, मी एकदाही उठले नाही. माझ्या हातात सुया पाहिल्या की बोलावणाराचा शब्द ओठांवरच थांबे: “राहू दे, तिचा टाका गळेल.” पुस्तक मिटले असता काही गळते असे मात्र कोणास वाटत नसे.

परीक्षेचा निकाल लागला. जाऊबाईंना ८६ गुण पडले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सर्व मंडळी बसली असता मी सासूबाईंना म्हटले, “आई, मी विणीत असले की मला कोणी उठवीत नाही, आणि ही वाचीत असली की हिला उठवितात. माझा टाका गळला तर मला उचलता येतो. हिचे चार गुण गळले, ते कोणी उचलावेत?”

सासूबाई क्षणभर विचारात पडल्या. त्या न्यायी आहेत. उत्तर सुचल्यावाचून बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “तुझे विणणे घरासाठी असते ग. मुलांच्या अंगावर दिसते. हिचे वाचणे हिच्यापुरते.”

यात खोटे काय होते? आपल्या घरांतून हा विचार इतका मुरलेला आहे की, तो विचार आहे हेच आपण विसरतो. स्त्रीने बसावे, पण तिच्या बसण्यातून घराला काही मिळावे. मटार सोलीत बसलेली, वाती वळीत बसलेली, स्वेटर विणीत बसलेली स्त्री ही बसलेली नसतेच, ती काम करीत असते. पुस्तक घेऊन बसलेली तेवढी रिकामी. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात, स्वतः पती शिकविण्यास उत्सुक असतानाही घरातील वडील बायकांच्या नापसंतीमुळे आपणास किती सोसावे लागले ते लिहून ठेवले आहे. त्या काळी विरोध उघड असे. आता मुली शिकाव्यात हे सर्वांस मान्य आहे, शिकलेली सून सर्वांस हवी आहे. पण ती घरात शिकत बसलेली दिसली की तिच्या हातांना काही काम द्यावे असे आपल्याला उगीचच वाटू लागते.

मी काही उत्तर देणार, तोच कोपऱ्यातून आत्याबाई बोलल्या. त्या फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “मी या घरात चाळीस वर्षे घरासाठी विणले, असे तुम्ही सगळे समजता. मी वाचीत होते.”

आत्याबाईंचे वय आज ब्याऐंशी आहे. १९६२ साली चीनशी युद्ध जुंपले, त्या हिवाळ्यात देशभर घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले जात होते. आत्याबाई तेव्हा पुण्यास कॉलेजच्या पहिल्या वर्षात होत्या. एकाच मापाचे, एकाच रंगाचे, नक्षी नसलेले सात स्वेटर त्यांनी लागोपाठ विणले, आणि सातवा संपेतो त्यांच्या हातांना डोळ्यांची गरज उरली नाही. पुढे लग्न झाले, शिक्षण तेथेच थांबले, आणि बत्तिसाव्या वर्षी वैधव्य येऊन त्या माहेरी, म्हणजे आमच्या या घरी, परत आल्या. परत आलेल्या लेकीला कोणी दुरुत्तर केले नाही. पण तिने दुपारी हातात पुस्तक घेऊन स्वस्थ बसावे, हे त्या वेळच्या घराला पेलणारे नव्हते, आणि तिच्या स्वतःच्या मनालाही नव्हते. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. मांडीवर पुस्तक उघडे ठेवावयाचे, त्यावर लोकरीचा पसारा घ्यावयाचा, आणि साधे सुलट-उलट विणीत खाली वाचीत राहावयाचे. ओळ संपली की काम उलटावयाचे, तेव्हाच पानही उलटावयाचे. पुण्याहून येणारा-जाणारा पिशवीत लोकर आणी, आणि लोकरीच्या खाली कोणा मैत्रिणीकडचे पुस्तक असे.

हे ऐकून मामंजी अगदी स्तब्ध झाले. धाकटा भाऊ म्हणून त्यांनीच कित्येकदा ती पिशवी पुण्याहून आणली होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी जुनी पेटी काढावयास सांगितली. तीत आमच्या यजमानांच्या आणि भावोजींच्या लहानपणीचे स्वेटर ठेवलेले आहेत. त्यांत नक्षीचे दोनतीन, बाकी सर्व साधे. पाहणारास वाटावे की, यांना नक्षी येत नसावी. नक्षी त्यांना उत्तम येते. परंतु नक्षीला डोळे लागतात, आणि त्यांचे डोळे दुसरीकडे गुंतलेले होते. निळ्या लोकरीचा एक स्वेटर त्यांनी मांडीवर घेतला आणि पाठीवरून बोटे फिरवीत एके ठिकाणी थांबल्या. सुलट टाक्यांच्या त्या सपाट अंगावर मध्येच एक ओळ उलट पडलेली होती. त्या म्हणाल्या, “येथे यमूचे केशवपन झाले.” हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी त्या स्वेटराच्या पाठीवर वाचली होती. जी ओळ चुकली ती त्यांनी पुढे उसविली नाही. तशीच राहू दिली. तो स्वेटर घालून आमचे यजमान दोन हिवाळे शाळेत गेले.

तेव्हापासून आमच्या घरात दुपारी दोन ते चार ही बसण्याची वेळ ठरली आहे. या दोन तासांत ज्याने त्याने आपले काम घेऊन बसावे, आणि कोणी कोणास हाक मारू नये, एवढाच नियम. तो अंमलात आणणे सोपे गेले असे मी म्हणणार नाही. पहिल्याच आठवड्यात मामंजींचा तीनचा चहा आडवा आला. बोलाचाली काही झाली नाही. चौथ्या दिवशी ते स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले, साखर कोणत्या डब्यात आहे हे न विचारता त्यांनी चार डबे उघडून पाहिले, आणि चहा केला. तो अमळ कडू झाला होता. त्यांनी तो तक्रार न करता प्याला. बाळ तीनला उठतो. तेव्हापासून चारपर्यंत सासूबाई त्याला अंगणात घेऊन बसतात. त्यांनी आपल्या मताचा जाहीर त्याग केलेला नाही, आणि आम्हीही तो मागितलेला नाही. बाळ हातात असताना त्या आतल्या बाजूस पाहून, “हळू रे, तुझी आई वाचते आहे,” असे म्हणतात, एवढे मला पुरते. पाहुणे आले, सणवार आले, कोणी आजारी पडले, की नियम मोडतो. तरी महिन्यातील वीस दुपारी तो पाळला जातो. जाऊबाई पुन्हा परीक्षेस बसणार आहेत. यंदा त्या उतरतील की नाही हे मी कसे सांगू? परंतु या खेपेस गुण कमी पडले, तर ते भाजीच्या जुडीपायी पडले असे तरी होणार नाही.

या बैठकीचा एक लाभ अनपेक्षित झाला. सर्वजण बसलेले पाहून माझ्या थोरल्याने विणावयास शिकण्याचा हट्ट धरला. “मुलगा असून?” म्हणून प्रथम थोडा हशा झाला. युरोपात पूर्वी मोजे विणणारांचे संघ असत आणि त्यांत पुरुष उमेदवारी करीत, हे मी सांगितले; पण त्याहून मामंजींना घोंगडीच्या मागावर बसणारा सनगर आठवला, आणि वाद मिटला. दोन सुलट, दोन उलट अशी किनार सारखी यावयास टाक्यांची संख्या चाराच्या पटीहून दोनने अधिक घ्यावी, म्हणजे दोन्ही कडांना सुलट टाके येतात. हे त्याने स्वतःच चार वेळा चुकून शोधून काढले, आणि चाराचा पाढा जो शाळेत रडतखडत येत होता तो सुईवर बसला. त्याचे मफलर कडेने लाटांसारखे वाकडे झाले आहे. ते घालून तो मोठ्या दिमाखाने शाळेत जातो.

आत्याबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजला आहे. समोरच्या माणसाचा आकार त्यांना कडेने दिसतो, पण छापील अक्षर आता दिसत नाही. ज्या डोळ्यांसाठी त्यांनी एवढी युक्ती केली, नेमके ते गेले. हात अजून तसेच चालतात. म्हणून थोरला रोज त्या दोन तासांतील अर्धा तास त्यांना वाचून दाखवितो. दोघांत करार झालेला आहे: त्याच्या एका पानास त्यांची एक ओळ. तो अडखळला की त्यांच्या सुया थांबतात, आणि त्याला शब्द सापडला की पुढे चालू लागतात. पुस्तक आता मांडीवर लोकरीखाली नसते. ते सोप्याच्या मधोमध, मोठ्याने वाचले जाते. मागच्या महिन्यात त्याने विचारले, “आत्याआजी, तुम्ही हे पुस्तक पूर्वी वाचले आहे का?” त्या म्हणाल्या, “वाचले आहे, पण पुढे कोण येते याची भीती न बाळगता प्रथमच ऐकते आहे.”

माझी विणकामाची आवड या सर्व प्रकाराने कमी झाली का? मुळीच नाही. उलट ती पारखून निघाली असे मला वाटते. सुया हा जर बसण्याचा परवाना असेल, तर मला विणणे आवडते की बसणे आवडते, हे मी तरी कसे सांगावे? आता परवाना लागत नाही. नुसतेच बसले तरी चालते. कित्येक दुपारी मी खरोखरच नुसती बसते, अंगणातील ऊन भिंतीवर चढताना पाहते. आणि तरीही अर्ध्या तासाने हात आपण होऊन टोपलीकडे जातो. तेव्हा ही आवड खरी, यात मला शंका उरलेली नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मी जाड सुया आणि दहा टाके घालून दिले आहेत. तिला ते आवडले तर ती विणील. न आवडले तर दुसरे काही करील. तिच्या हातात पुढे काय असेल ते तिचे तिने ठरवावे. ते जे असेल त्याच्याकडे पाहून तिला हाक मारावी की न मारावी हे मात्र कोणी ठरवू नये.

या मासिकाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. आपापल्या घरी एखाद्या दुपारी दोन तास शांतपणे मोजून पाहावे: सुया हाती असलेलीला किती हाका पडतात, आणि पुस्तक हाती असलेलीला किती. घरातील पुरुष हाती वर्तमानपत्र घेऊन बसले असतील, तर त्यांच्याही हाका त्याच कागदावर टिपाव्यात. मोजण्यास काही खर्च नाही. आलेला आकडा रात्रीच्या जेवणानंतर सर्वांदेखत वाचून दाखवावा, आणि मग आपल्या घरातील आत्याबाई काय बोलतात तिकडे कान द्यावा.